कोजागिरीचे चांदणे आणि वैद्याचे कर्तव्य : रत्नागिरीतील एका पौर्णिमेच्या निमित्ताने

आश्विन पौर्णिमा जवळ आली की वैद्याच्या दारी काही ठराविक प्रश्न येऊ लागतात. दूध चांदण्यात किती वेळ ठेवावे, त्यात कोणती द्रव्ये घालावीत, मधुमेही व्यक्तीने ते घ्यावे काय, लहान मुलांना मध्यरात्रीपर्यंत जागे ठेवावे काय, असे ते प्रश्न असतात. परंतु या सर्वांहून गंभीर असा एक प्रश्न आहे. कोजागिरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून औषध घेतले असता दमा कायमचा जातो, हे खरे काय? औषधालयाच्या मालकांनाही हा अनुभव नवा नाही. याच दिवसांत पिंपळाच्या अंतरसालीच्या चूर्णाची विचारणा होते आणि विचारणारा बहुधा स्वतः दमेकरी नसून त्याचा मुलगा, सून अथवा शेजारी असतो.

या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारे टाळता येते. ‘परंपरा आहे, श्रद्धा असेल तर घ्या’ असे म्हणून मोकळे होणे हा एक प्रकार. ‘हे सर्व खुळ आहे’ असे म्हणून रुग्णाला परत पाठविणे हा दुसरा. आमच्या मते हे दोन्ही प्रकार वैद्यास शोभणारे नाहीत. शरद ऋतूतील चंद्रकिरणांविषयी आपल्या संहिताकारांनी स्पष्ट विधान केले आहे, आणि त्या विधानास काळाची व पथ्याची मर्यादाही त्यांनीच घातली आहे. ती मर्यादा काय, तिचे कारण काय आणि ती रुग्णाला कशी समजवावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. त्यासाठी रत्नागिरी येथे आम्ही काही सहकाऱ्यांनी अनुभवलेल्या दिनांक २८ ऑक्टोबर २०२३ च्या कोजागिरीचा आधार घेतला आहे.

स्थानाची निवड

पूर्ण चंद्र पाहावयाचा तर समुद्रकिनारी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पौर्णिमेचा चंद्र समुद्रातून उगवत नाही. तो पूर्वेस, जमिनीच्या बाजूने वर येतो आणि समुद्रात मावळतो तो पहाटे. संध्याकाळी समुद्रात बुडतो तो सूर्य. म्हणून एकाच जागेवरून सूर्यास्त आणि चंद्रोदय हे दोन्ही पाहावयाचे असतील, तर समुद्रात पुढे घुसलेला उंचवटा हवा. रत्नागिरीचा रत्नदुर्ग नेमका तसा आहे. घोड्याच्या नालासारख्या आकाराचा हा किल्ला तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. भगवती देवीचे मंदिर असलेला बालेकिल्ला, दीपगृहाची टेकडी आणि खालची पेठ असे त्याचे भाग आहेत. पश्चिमेस अथांग अरबी समुद्र, पूर्वेस पायथ्याशी मिरकरवाडा बंदर आणि त्यापलीकडे शहर व डोंगररांगा असा येथील देखावा आहे.

रत्नागिरीस इतिहासाची उणीव नाही. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली येथे झाला. १९३१ साली पतितपावन मंदिर येथे उभे राहिले. पौर्णिमेच्या संदर्भात मात्र येथील आणखी एक वास्तू आठवते. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा यास इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढील वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. १९१६ साली राजाचा अंत याच गावी झाला. ब्रह्मदेशात बौद्धांचा वर्षावास ज्या पौर्णिमेस संपतो आणि घरोघरी दिवे लागतात, ती पौर्णिमा बहुतेक वर्षी आपल्या कोजागिरीच्याच सुमारास येते. पावसाळा संपून आकाश स्वच्छ झाल्याचा आनंद दोन्ही समाजांनी एकाच चंद्राच्या साक्षीने साजरा करावा, हे ऋतुचर्येच्या अभ्यासकास मनोज्ञ वाटल्यावाचून राहत नाही.

कोकणात ही पौर्णिमा ‘नवान्न पौर्णिमा’ म्हणूनही पाळली जाते. भाताच्या नव्या लोंब्या, नाचणीची कणसे, आंब्याची पाने, कुर्डूची व झेंडूची फुले यांची जुडी दारावर बांधतात आणि नव्या तांदळाचा भात अथवा खीर करतात. घरातील ज्येष्ठ अपत्यास ओवाळण्याचा ‘आश्विनी’चा कुळाचार त्याच दिवशी असतो. हा सारा संदर्भ वैद्याने ध्यानात ठेवावा. कारण रुग्ण आपल्याला केवळ दुधाविषयी विचारतो, पण त्या दिवशी त्याच्या पोटात नवे धान्य, मासे, तळलेले पदार्थ आणि जागरण हे सर्वच जात असते.

रजनीमुखाचा समय

त्या दिवशी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास किल्ल्यावरून पाहिले असता समुद्र बराच मागे हटलेला होता. काळे खडक उघडे पडले होते. आमच्या किनाऱ्यावर भरतीचा अंदाज बांधण्याची एक सोपी रीत आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेची तिथी पंधरावी. तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पूर्ण भरती रात्री सव्वाअकराच्या सुमारास, आणि त्याआधी सुमारे सहा तास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेस सूर्य, पृथ्वी व चंद्र जवळजवळ एका रेषेत येतात व त्यांच्या आकर्षणांची बेरीज होते, म्हणून ही भरती उधाणाची असते. घड्याळ व छापील तक्ता हाती नसलेल्या खलाशानेही आकाशातील चंद्राकडे पाहून होडी कधी हाकारावी हे ठरविले, ते याच नियमाच्या बळावर.

सहा वाजल्यानंतर सूर्यबिंब पाण्यास टेकले. त्याच सुमारास पूर्वेस, बंदरातील मासेमारी नौकांच्या डोलकाठ्यांच्या वर, धुरकट नारिंगी रंगाचा चंद्र दिसू लागला. त्याच्या जवळच गुरू ग्रह तेजाने चमकत होता. उगवता चंद्र मोठा व तांबूस दिसतो. यांपैकी मोठेपणा हा दृष्टीचा भ्रम आहे. तांबूसपणा मात्र क्षितिजाजवळच्या जाड हवेतून प्रकाश येत असल्यामुळे असतो. तास-दीड तासात तोच चंद्र लहान भासू लागला आणि पांढराशुभ्र झाला. दिवसभर ऑक्टोबरच्या उन्हाने तापलेला जांभा दगड अजून हातास गरम लागत होता. वारा मात्र सुखद होता. पावसाळ्यात थंडाव्यास सरावलेल्या शरीरावर एकाएकी प्रखर ऊन पडले असता संचित पित्ताचा प्रकोप होतो, हे चरकाचार्यांचे निदान कोकणात शिकवावे लागत नाही. तो दाह येथे प्रत्येकजण अनुभवतो, आणि म्हणूनच सायंकाळचे ते चांदणे नुसते डोळ्यांनाच नव्हे, तर सर्वांगास हवेसे वाटते.

याच वेळेस संहितेत ‘प्रदोष’ व ‘रजनीमुख’ असे शब्द आले आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ऋतुचर्येच्या अध्यायात शरद ऋतूत स्वच्छ वस्त्रे, त्या ऋतूतील फुलांच्या माळा आणि प्रदोषकाळीचे चंद्रकिरण प्रशस्त म्हटले आहेत. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात चंदन, वाळा, कापूर व मोती धारण करून, चुन्याने धवल केलेल्या वाड्याच्या गच्चीवर, रात्रीच्या आरंभी चांदणे सेवन करावे असे सांगितले आहे. दोन्ही आचार्यांनी वेळ सांगितली आहे आणि ती वेळ रात्रीचा प्रारंभ ही आहे. मध्यरात्र नव्हे, पहाट तर नव्हेच.

त्याच अध्यायातील निषेध

ऋतुचर्या सांगताना आपण बहुधा विधानाचा भाग सांगतो व निषेधाचा भाग गाळतो. त्याच प्रकरणात शरद ऋतूत काय वर्ज्य करावे याची यादी आहे. ऊन, वसा, तेल, जलचर व आनूप प्राण्यांचे मांस, क्षार, दही, दिवसाची झोप, पूर्वेकडील वारा आणि अवश्याय, म्हणजे दव, यांचा तीत समावेश आहे. वाग्भटाचार्यांनी दवासाठी ‘तुषार’ शब्द योजला असून पोटभर जेवणही टाळावयास सांगितले आहे. म्हणजे ज्या अध्यायाने चांदण्याची शिफारस केली, त्याच अध्यायाने दव टाळण्याची आज्ञा दिली आहे.

या दोहोंत विरोध नाही, हे भौतिक शास्त्राच्या आधारेही दाखविता येते. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. त्याच्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा सुमारे आठवा हिस्साच तो परत फेकतो, आणि पूर्ण चंद्राचा प्रकाश सूर्याच्या प्रकाशापेक्षा सुमारे चार लाख पटींनी क्षीण असतो. मग चांदण्यात ठेवलेले दूध थंड का होते? कारण चांदणे लख्ख पडते ते निरभ्र रात्री, आणि निरभ्र रात्री जमिनीवरील प्रत्येक उघडी वस्तू आपली उष्णता आकाशाकडे टाकीत असते. ढग असतील तर ती उष्णता काही अंशी परत मिळते. ढग नसतील तर मिळत नाही. त्यामुळे गवताचे पाते, पत्रा, परातीतील खीर आणि उघड्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्याचे केस ही सर्व थंड होत जातात. आणि वस्तू पुरेशी थंड झाली की हवेतील बाष्प तिच्यावर दवाच्या रूपाने साचते. रात्रीच्या आरंभी हा परिणाम अल्प असतो. उत्तररात्री तो वाढतो व पहाटे सर्वाधिक होतो. पूर्वाचार्यांनी प्रदोष घ्यावा व दव टाळावे असे सांगितले, ते अशा निरीक्षणातूनच असले पाहिजे. रात्रीचा पहिला भाग सौम्य शीत असल्याने पित्तशामक, आणि पुढचा भाग अतिशीत व ओला असल्याने कफवातवर्धक, अशी ही वाटणी आहे.

मांडवीवर भेटलेला रुग्ण

किल्ल्यावरून उतरून आम्ही मांडवीच्या किनाऱ्यावर आलो. येथील वाळू काळी असल्याने चांदणे वाळूवर उमटत नाही; लाटांच्या फेसावर मात्र ते स्पष्ट उठून दिसते. त्या वर्षी उत्तररात्री खंडग्रास चंद्रग्रहण होते. त्याचे वेध लागलेले असल्याने अनेक घरांत दूध उघड्यावर ठेवलेच नव्हते. तरी धक्क्यावर माणसांची गर्दी होती. मुले पळत होती; भेळेच्या गाड्यांवर दिवे होते.

धक्क्याच्या कठड्याशी एक कुटुंब सतरंजी टाकून बसले होते. त्यांतील सुमारे पासष्ट वर्षांचे गृहस्थ, पूर्वी नौकेवर खलाशी असलेले, पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. ही बैठक कोणाही वैद्यास दुरून ओळखू यावी अशी आहे. श्वासाचा आवाज चार पावलांवरून ऐकू येत होता. आम्ही विचारपूस केली तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, “डॉक्टर, परगावाहून औषधाची पुडी आणली आहे. ग्रहण सुटल्यावर, पहाटे चार वाजता ती खिरीतून द्यायची. तोपर्यंत बाबांना चांदण्यात बसवून ठेवायचे, झोपू द्यायचे नाही, असे सांगितले आहे.”

आमच्यातील ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “बाबा, तुमचा पंप कुठे आहे?”

“घरी ठेवला. आठ दिवस झाले, घेत नाही. पुडी घ्यायची तर पंप बंद पाहिजे म्हणाले.”

पुडी पाहिली. कागदात बांधलेले करडे चूर्ण. त्यावर नाव नाही, घटकद्रव्ये नाहीत, दिनांक नाही. आठ दिवस नियमित औषध बंद, समोर समुद्राची दमट हवा, पुढे रात्रभर दवात जागरण आणि पहाटे थंडगार खीर, असा तो बेत होता. तमकश्वासाच्या रुग्णास पहाटेच्या प्रहरी वेग अधिक येतात, ही गोष्ट आपणही पाहतो व आधुनिक वैद्यकही सांगते. त्याच प्रहरी हा रुग्ण घरापासून, औषधापासून व रुग्णालयापासून दूर, उघड्या धक्क्यावर असणार होता.

मुलास रिक्षाने घरी पाठवून पंप मागविला. तो येईपर्यंत रुग्णास बसतेच ठेवले, छातीवर शाल पांघरली व घोट घोट गरम पाणी दिले. पंप घेतल्यानंतर हळूहळू श्वास मोकळा झाला आणि गृहस्थ पूर्ण वाक्य बोलू लागले. तेव्हा त्यांनी विचारले ते एवढेच, “मग मी चंद्र बघायचा नाही का?” खलाशाच्या जन्मात चंद्राशी संबंध आलेला माणूस तो. आम्ही सांगितले, “बाबा, चंद्र जरूर बघा. नऊपर्यंत इथे बसा, मग घरी जाऊन खिडकीतून बघा. पुडी घेऊ नका, पंप बंद करू नका, आणि उद्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. त्रास परत वाढला तर उद्याची वाट पाहू नका, रात्रीच रुग्णालय गाठा.” मुलास हे पटावयास थोडा वेळ लागला. शेवटी त्यानेच सतरंजी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवरून समजले की रात्र शांत गेली.

शास्त्राच्या कसोटीवर

आता या उपचाराचा शास्त्रदृष्ट्या विचार करू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात तमकश्वास हा ढगाळ हवा, थंडी, थंड पाणी, पूर्वेचा वारा व कफकर आहार यांनी वाढतो, आणि रुग्णास उष्ण गोष्टी हव्याशा वाटतात असे वर्णन आहे. दवात जागरण व पहाटेची थंड खीर ही या वर्णनातील वृद्धिकर कारणांच्याच जातीची आहेत. संहितेत शीत उपचाराने शमणारी अवस्थाही सांगितली आहे, ती प्रतमक-संतमक या भेदाची. तेथे ज्वर, मूर्च्छा अशी पित्तानुबंधाची लक्षणे असतात. शीत उपचाराचे समर्थन करावयाचे तर ते या अवस्थेपुरते करता येईल, आणि तेही रुग्णाची परीक्षा करून. शेकडो रुग्णांना एकाच रात्री एकच द्रव्य, एकाच अनुपानातून व एकाच वेळी देणे यात दोष, दूष्य, बल, काल, अनल, प्रकृती यांपैकी कशाचाही विचार होत नाही. मग त्यास आयुर्वेदीय चिकित्सा कोणत्या आधारे म्हणावे?

दूध दमेकऱ्यास विषासमान, असाही आमचा पक्ष नाही. गाईचे दूध श्वास व कास यांत हितकर असल्याचे वाग्भटाचार्यांनीच म्हटले आहे. प्रश्न दुधाचा नसून त्याच्या संस्काराचा, वेळेचा व मात्रेचा आहे. सुंठ अथवा पिंपळी घालून उकळलेले, कोमट, अल्प प्रमाणातील दूध वेगळे. आणि आटवलेले, साखर व सुकामेवा घातलेले, चार तास उघड्यावर निवलेले दूध वेगळे. तसेच चंद्रामुळे मनास मिळणाऱ्या प्रसन्नतेचा लाभ आम्ही नाकारीत नाही. नाकारतो ते हे, की त्या प्रसन्नतेच्या मोबदल्यात रुग्णाने आपले चालू औषध सोडावे.

भरती, अगस्त्य आणि हंसोदक

अकरा वाजल्यानंतर समुद्र धक्क्याच्या भिंतीला येऊन भिडला. संध्याकाळी उघडे असलेले खडक पूर्ण बुडाले होते. बारा वाजून गेल्यानंतर दक्षिण-आग्नेयेस, खाडीपलीकडील टेकडीच्या कडेवर एक तेजस्वी तारा वर येऊ लागला. तो अगस्त्य. व्याधानंतर रात्रीच्या आकाशातील हा सर्वांत तेजस्वी तारा असून पौर्णिमेच्या प्रकाशातही तो लपत नाही. भाद्रपदात तो पहाटे दिसू लागतो व कोजागिरीच्या सुमारास मध्यरात्रीच्या आगेमागे उगवतो. ‘हंसोदक’ या संज्ञेचा अर्थ आपण सर्वांनी पाठ केलेला असतो. दिवसा सूर्यकिरणांनी तापलेले, रात्री चंद्रकिरणांनी निवलेले, काळाने परिपक्व झालेले आणि अगस्त्याच्या उदयाने निर्विष झालेले ते जल. परंतु तो तारा प्रत्यक्ष पाहिला म्हणजे ध्यानात येते की अगस्त्योदय ही येथे प्रामुख्याने कालगणनेची खूण आहे. पावसाळ्याचे गढूळ पाणी अगस्त्य दिसू लागण्याच्या दिवसांत निवळते, हा तिचा व्यवहारातील अर्थ. विहिरीत मैला मिसळत असेल तर ताऱ्याच्या उदयाने ते पाणी शुद्ध होणार नाही. ते उकळूनच घ्यावे लागेल, हे रुग्णास सांगणे हा शास्त्राचा अवमान नव्हे.

एक वाजून पाच मिनिटांनी ग्रहणाचा स्पर्श झाला आणि सुमारे सव्वा तासाने, दोन वाजून चोवीस मिनिटांनी मोक्ष झाला. चंद्राच्या व्यासाचा जेमतेम आठवा भाग झाकला गेला. तोवर धक्क्याचा लोखंडी कठडा दवाने ओला झाला होता आणि रुमालाने पुसावा लागत होता. साडेसहा वाजता ज्या दगडाची ऊब हातास जाणवत होती, तो आता थंड पडला होता. प्रदोषाची शिफारस व अवश्यायाचा निषेध एकाच अध्यायात का आहेत, हे त्या ओल्या कठड्याने आम्हांस कोणत्याही टीकेपेक्षा अधिक स्पष्ट करून दाखविले.

औषधालयाच्या मालकांसाठी

चंद्रप्रकाशाचा संबंध आपल्या औषधनिर्मितीशीही आहे. चंद्रपुटी प्रवाळ पिष्टी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. शुद्ध प्रवाळाचा गुलाबजलात खल करून, अग्नी न देता, ती चांदण्यात सुकवितात. अग्निसंस्कार टाळून द्रव्याचा शीतगुण राखणे हा त्यामागील हेतू, आणि शरद ऋतूतील दाह, अम्लपित्त इत्यादी विकारांत वैद्य तिचा उपयोग करतात. हे उदाहरण देण्याचे कारण असे की, येथे चांदणे हा निर्मितीतील एक संस्कार आहे. द्रव्य ठरलेले, शोधन ठरलेले, मात्रा ठरलेली, आणि डबीवर सर्व मजकूर छापलेला. अनामिक पुडीची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे.

विक्रीसाठीच्या आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि निर्मितीचा दिनांक असावा लागतो. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास कायद्याने परवान्यातून सवलत दिली आहे. परंतु ती सवलत कोणी अनोळखी माणसाने पाठविलेली पुडी आपल्या दुकानातून देण्यास लागू होत नाही. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात वेळोवेळी उघडकीस आले आहेत. त्यांनी आराम झटपट पडतो आणि हीच गोष्ट संशयास्पद मानावी. पुढे चेहरा गोल होणे, सूज, रक्तातील साखर व रक्तदाब वाढणे ही लक्षणे दिसतात, आणि औषध एकाएकी थांबविल्यास जिवावर बेतू शकते. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने औषधाविषयी दिशाभूल करणारी जाहिरात करण्यास मनाई केली आहे. ‘एका रात्रीत दमा कायमचा बरा’ असा फलक दुकानाच्या दाराशी लावू देणारा मालक आपली व आपल्या शास्त्राची पत एकदमच घालवितो.

रुग्णास काय सांगावे

येत्या कोजागिरीपूर्वी आपापल्या चिकित्सालयात पुढील सूचना मराठीत लिहून लावाव्यात, अशी आमची विनंती आहे.

१. चांदणे रात्रीच्या आरंभी, सूर्यास्तापासून साधारण दोन-तीन तास घ्यावे. दव पडू लागल्यावर उघड्यावर बसू नये. बसणे भागच असेल तर डोके व छाती झाकावी.

२. दमेकऱ्याने चालू औषध, विशेषतः पंप, कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. उत्सवास जाताना पंप खिशात असावा. श्वास घेताना वाक्य पुरे बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील अथवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर त्वरित रुग्णालयात जावे.

३. दूध प्रथम नीट उकळावे. पातळ स्वच्छ वस्त्राने झाकून अल्पकाळ चांदण्यात ठेवावे. दोन तासांपेक्षा अधिक नको. पिण्यापूर्वी पुन्हा उकळून कोमट घ्यावे. मधुमेहींनी साखर वर्ज्य करून थोडेच घ्यावे.

४. मासे व दूध एकत्र घेऊ नये. हा विरुद्धाहार आहे, आणि केवळ चिलिचिम माशापुरताच निषेध आहे हे मत आत्रेयांनी मान्य केलेले नाही. कोकणात रात्रीच्या जेवणात मासे असणे स्वाभाविक आहे. तेव्हा त्या दिवशी मासे दुपारी खावेत अथवा दूध दुसऱ्या दिवशी घ्यावे. भेळ, वडे इत्यादी खारट-आंबट पदार्थांबरोबरही दूध टाळावे.

५. नवे धान्य गुरू व अभिष्यंदी असते. नवान्न प्रसादापुरते घ्यावे. श्वास, प्रमेह व मंदाग्नीच्या रुग्णांनी पोटभर खाऊ नये.

६. शरद ऋतूत विरेचन झालेला रुग्ण संसर्जनक्रमात असेल तर त्यास मसाला दूध देऊ नये. हा नियम रुग्णाच्या घरच्यांनाही आधी सांगून ठेवावा.

७. जागरणाने रूक्षता वाढते. सवय नसता जागरण झाल्यास त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणापूर्वी झोपावे. जेवल्यानंतर झोपू नये.

यांतील एकही सूचना सणाच्या विरुद्ध नाही. उलट, प्रदोषकाळी कुटुंबासह चांदण्यात बसणे, हलका आहार घेणे आणि दवाच्या आधी घरी परतणे हीच संहितेतील शारदीय चर्या आहे. दमेकरी पित्याला घेऊन पहाटेची वाट पाहत बसणारा मुलगा अज्ञानी नसतो. वडिलांचा त्रास पाहून तो थकलेला असतो आणि कोणीतरी त्यास निश्चित उपाय सांगितलेला असतो. त्याच्यापर्यंत पुडी पोहोचण्याच्या आधी आपला शब्द पोहोचला पाहिजे. त्यासाठी पौर्णिमेची वाट पाहण्याचे कारण नाही. घटस्थापनेच्या सुमारास आपल्या नोंदवहीतील श्वासाच्या प्रत्येक रुग्णास एकदा बोलावून घ्यावे, त्याचे औषध तपासावे आणि वरील दुसरी सूचना त्यास व त्याच्या घरच्यांस समजावून सांगावी.